कॅसची जुनी टोपोशीट : प्रकल्प नोंदी

१४ जानेवारी

हवी होती ती टोपोशीट मिळाली. वेस्ट व्हर्जिनियातल्या पोकाहॉन्टस काउंटीतलं कॅस गाव आणि त्याच्या पश्चिमेचे डोंगर, प्रमाण १:६२,५००, पंधरा मिनिटांची शीट. यूएसजीएसने, म्हणजे अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याने, आपले जुने नकाशे स्कॅन करून टोपोव्ह्यू या संकेतस्थळावर सगळ्यांसाठी मोफत ठेवले आहेत. जिओटिफ (जागेची माहिती जोडलेली चित्र-फाइल) उतरवायला दोन मिनिटं लागली आणि बघत बसायला अख्खी संध्याकाळ.

हे काम कशासाठी, ते एकदा इथे लिहून ठेवते. गेल्या ऑक्टोबरमध्ये कॅसच्या वाफेच्या गाडीने बाल्ड नॉब या शिखरावर गेले होते. चढावर एका वळणाला डाव्या हाताच्या झाडीत एक सपाट पट्टी शिरलेली दिसली. गाडीच्या रुंदीची, उताराला आडवी, पुढे अंधारात नाहीशी झालेली. कधीकाळी तिथे रूळ होते हे उघड होतं. ती पट्टी पुढे कुठे जाते, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यातून गेलेला नाही. मी दिवसभर नोकरीत नकाशेच करते, पण ते पाइपांचे आणि केबलचे. हा नकाशा माझ्यासाठी आणि बाबांसाठी. बाबा कर्जतला बँकर इंजिनावर, म्हणजे घाट चढताना गाडीला लावायच्या जादा इंजिनावर, ड्रायव्हर होते. घाटातली रेल्वे हा आमच्या घरातला कायमचा विषय.

शीटवर काय काय आहे ते पाहिलं. तपकिरी समोच्चरेषा, निळं पाणी, माणसाने केलेलं सगळं काळ्यात. रेल्वे म्हणजे बारीक आडव्या टाक्यांची काळी रेघ. घर म्हणजे काळा ठिपका, शाळा असेल तर त्यावर इवलासा झेंडा. ग्रीनब्रायर नदीच्या काठाने एक रेघ जाते. कॅसपाशी तिला फाटा फुटतो आणि तो लेदरबार्क ओढ्याच्या घळीतून डोंगरात चढतो. मला हवी आहे ती ही रेघ.

२१ जानेवारी

आधी काळाचा हिशेब नीट लावून घेतला, नाहीतर नकाशावरची कुठली गोष्ट कधीची ते कळणार नाही.

ग्रीनब्रायरच्या काठाने रेल्वे कॅसपर्यंत आली डिसेंबर १९०० मध्ये. वेस्ट व्हर्जिनिया पल्प अँड पेपर कंपनीला डोंगरावरचा रेड स्प्रूस हा सूचिपर्णी वृक्ष हवा होता, कागदाच्या लगद्यासाठी. १९०१ मध्ये गाव वसलं आणि १९०२ मध्ये लाकडाची गिरणी सुरू झाली. तेजीच्या काळात गिरणीत ११-११ तासांच्या दोन पाळ्या चालत आणि एका पाळीत सव्वा लाख बोर्ड फूट लाकूड कापलं जाई. एक बोर्ड फूट म्हणजे एक फूट लांब, एक फूट रुंद, एक इंच जाड फळी. लगद्याचं लाकूड मात्र गाड्या भरभरून व्हर्जिनियातल्या कोव्हिंग्टनच्या कागद कारखान्याकडे जायचं.

१९४२ मध्ये सगळा कारभार मोअर लंबर कंपनीकडे गेला. १ जुलै १९६० ला काम थांबलं. रूळ भंगारात निघायच्या बेतात होते, तेवढ्यात १९६१ मध्ये राज्य सरकारने मार्ग विकत घेतला. १९६३ पासून त्याच रुळांवर प्रवासी चढतात. माझ्या कामाला याचा मोठा फायदा आहे : शंभराहून जास्त वर्षांपूर्वीची मुख्य चढण आजही जागेवर आहे, म्हणजे नकाशा ताडून बघायला जमिनीवर खात्रीची रेघ मिळाली.

४ फेब्रुवारी

क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये शीट जागेवर बसवायला घेतली. पंधरा मिनिटांच्या शीटवर दर पाच मिनिटांना अक्षांश-रेखांशांच्या खुणा असतात. कोपरे धरून आडव्या चार, उभ्या चार, असे सोळा बिंदू. सोळाही घेतले. प्रक्षेपण (गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवायची रीत) पॉलिकोनिक, पृथ्वीच्या आकाराचा लंबगोल क्लार्क १८६६, आधार (अक्षांश-रेखांश ज्यावरून मोजतात ती चौकट) नाड२७. सरासरी चूक १३ मीटर आली. या प्रमाणावर कागदावरचा अर्धा मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे ३० मीटर, तेव्हा आकडा बघून समाधान वाटलं.

मग वर आजच्या रुळांची रेघ टाकली आणि समाधान गेलं. सगळा नकाशा एका बाजूला सरकला होता. नदी सरकलेली, रेल्वे सरकलेली, तीही एकाच दिशेला.

११ फेब्रुवारी

चूक सापडली. ती माझीच होती. सवयीने नाड२७ निवडलं होतं. या शीटची पाहणी १९२७ च्या आधीची. त्याआधीच्या आधाराचा मूळ बिंदूही तोच, कॅन्ससमधलं मीड्स रँच. पण देशभरच्या त्रिकोणांचं जाळं १९२७ मध्ये एकत्र जुळवून घेतलं, आणि त्यात ठिकठिकाणचे आकडे थोडेथोडे हलले. जुन्या शीटवरचे अक्षांश-रेखांश जुन्या आकड्यांचे आहेत. त्यांना नवं लेबल लावलं की सगळा नकाशा खुशाल भलतीकडे जाऊन बसतो, आणि सरासरी चूक मात्र सुरेख येते. कारण ती सरासरी बिंदू आपापसात किती जुळतात एवढंच सांगते. जमिनीशी जुळतात का, हे तिला ठाऊक नसतं.

आता पद्धत बदलली. सोळा बिंदूंनी कागदाचा आकार सरळ करायचा, म्हणजे कागद आकसला असेल तर तेही निघतं. मग नद्यांचे संगम, रुळांची ठळक वळणं अशा न हललेल्या जागा धरून अख्खी शीट उचलून सरकवायची. अशा नऊ जागा निवडल्या. रेघ रुळांवर बसली.

२ मार्च

मुख्य चढण गिरवली. कॅस समुद्रसपाटीपासून सुमारे २,४५० फुटांवर, बाल्ड नॉब ४,८४२ फूट. रुळांनी अंतर ११ मैल. सरासरी काढली तर ४ टक्क्यांच्या आसपास चढ येतो, पण सरासरीवर विसंबण्यात अर्थ नाही. सर्वांत अवघड जागी चढ ११ टक्क्यांपर्यंत जातो. म्हणजे नऊ फूट पुढे गेलं की एक फूट वर. आपल्या बोरघाटातला सर्वांत तीव्र चढ ३७ ला १ आहे, आणि माथेरानची छोटी गाडी २० ला १ चढते. कॅसची गाडी तर पूर्ण मापाच्या रुळांवर चालते आणि उतरताना डब्यांत ओल्या ओंडक्यांचं वजन.

साधं इंजिन इथे चढणारच नाही. ज्याने हे जमवलं ते शे इंजिन. मिशिगनमधल्या एफ्रेम शे यांनी १८८१ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. ओहायोतल्या लिमा कारखान्याने अशी २,७०० हून जास्त इंजिनं बांधली. याचे सिलिंडर उजव्या अंगाला उभे असतात, आणि त्या वजनाचा तोल सांभाळायला बॉयलर मधोमध न बसवता डावीकडे सरकवलेला असतो. सिलिंडर एका लांब दांड्याला फिरवतात. तो दांडा इंजिनाच्या कडेने पुढून मागे जातो आणि दातेरी चक्रांनी प्रत्येक चाकाला ओढतो. एकही चाक फुकट फिरत नाही. वेग माणसाच्या धावण्याएवढा, आवाज मात्र मेल एक्स्प्रेसचा, कारण चाकाच्या एका फेऱ्यात दट्ट्या कितीतरी वेळा वरखाली होतो. कॅसमधलं ५ नंबरचं शे इंजिन १९०५ पासून याच डोंगरावर आहे.

९ मार्च

आज रात्री (कर्जतला सकाळ) बाबांना व्हिडिओवर नकाशा दाखवला. लेदरबार्कच्या घळीत रेघ पुढे जाते, थांबते, उलट फिरते, पुन्हा थांबते, पुन्हा फिरते. मी काही बोलायच्या आधीच बाबा म्हणाले, "अगं, हे तर रिव्हर्सिंग! आपल्या खंडाळ्याखाली होतं तसं. माझे आजोबा सांगायचे."

बोरघाटाची रेल्वे १८६३ मध्ये सुरू झाली तेव्हा तिच्यात रिव्हर्सिंग स्टेशन होतं. १९२९ मध्ये नवा मार्ग झाल्यावर ते सुटलं. कॅसच्या चढणीत अशी दोन आहेत, एकावर एक.

मग बाबांनी विचारलं, "इंजिन कुठल्या टोकाला?"

"मागे. ढकलतं."

"बरोबर. इंजिन खालच्या अंगालाच पाहिजे. वर लावलं आणि कपलिंग तुटलं तर डबे सुटले समज." थोडं थांबून म्हणाले, "पण मग दोन रिव्हर्सिंगच्या मधल्या पट्ट्यात काय?"

मी हा विचारच केला नव्हता. पहिल्या ठिकाणी दिशा उलटली की इंजिन आपोआप वरच्या टोकाला येतं. दुसऱ्या ठिकाणी पुन्हा खालच्या. म्हणजे तेवढा एक तुकडा ओंडक्यांचे डबे इंजिनाच्या खाली, उताराच्या बाजूला लोंबत असतात. गाडीत बसून मी हा तुकडा ओलांडला, नकाशावर बोटाने गिरवला, आणि तरी माझ्या लक्षात आलं नाही. बाबांना आठ हजार मैलांवरून मोबाइलच्या पडद्यात दिसलं. या तुकड्याला आता वेगळा रंग दिला आहे.

२३ मार्च

स्प्रूस गावावर दिवस घालवला.

बॅक अ‍ॅलेघेनीची धार ओलांडली की पलीकडे शेव्हर्स फोर्कचं उंचावरचं खोरं लागतं. तिथे ३,८५३ फुटांवर कंपनीने १९०५ च्या सुमारास गाव वसवलं. लाकडाची साल काढायची गिरणी, दुकान, हॉटेल, शाळा, कामगारांची घरं. शीटवर काळ्या ठिपक्यांच्या रांगा आहेत आणि त्यांच्यातून रेल्वेची रेघ जाते. रस्त्याची दुहेरी रेघ मात्र तिथवर येत नाही. ही नकाशा काढणाऱ्याची नजरचूक नाही. स्प्रूसला रस्ताच नव्हता. डॉक्टर, पीठ, पत्र, शवपेटी, सगळं रुळांवरून. कॅसपासून कित्येक मैलांवर आणि सुमारे १,४०० फूट वर, हिवाळ्यात बर्फात.

सालीची गिरणी १९२५ मध्ये बंद झाली. पुढे वेस्टर्न मेरीलँड रेल्वेने हा मार्ग कोळशासाठी घेतला आणि काही वर्षं स्प्रूसला जादा इंजिनं ठेवली, अगदी कर्जतसारखी. मग तेही संपलं. आज तिथे एकही घर नाही. नंतरच्या काळातली शीट शेजारी लावली तर नाव तेवढं राहिलंय आणि ठिपके गेलेत. मी ठिपके एकेक करून मोजले आणि प्रत्येकाला स्वतंत्र बिंदू दिला. एका चौकोनात 'वस्ती' लिहून भागलं असतं, पण प्रत्येक ठिपक्यात चूल होती.

६ एप्रिल

फाट्यांकडे आले, आणि इथे शीटने हात टेकले. मुख्य मार्ग आणि मोजकेच फाटे तिच्यावर आहेत. मला खिडकीतून दिसलेली पट्टी तिच्यावर नाही.

कारण कळायला वेळ लागला नाही. लाकूडतोडीचा फाटा कायमचा कधीच नसे. एका घळीत रूळ टाकायचे, आसपासची झाडं पाडायची, ओंडके गाडीवर चढवायचे, घळ मोकळी झाली की तेच रूळ उचलून पुढच्या घळीत. स्लीपर तिथेच तोडलेल्या झाडांचे, ते सोडून द्यायचे. सर्वेक्षणवाला प्लेन टेबल (तिपाईवरचा नकाशा काढायचा फळा) घेऊन ज्या मोसमात आला, त्या मोसमात जे रूळ जमिनीवर होते तेच त्याने काढले. आदल्या वर्षी उचललेले त्याने पाहिले नाहीत. पुढल्या वर्षी पडणारे कुठून पाहणार?

समोच्चरेषांचंही तसंच. त्याने मोजलेल्या जागा थोड्या. त्यांच्यामधली रेघ त्याने समोर डोंगर बघून हाताने ओढलेली आहे. उघड्या माळावर ती चकित व्हावं इतकी बरोबर आहे. दाट झाडीत ती घळी गोल करते आणि सोंडा बोथट करते. मला यात त्याचा दोष दिसत नाही. त्या चिखलात आणि रोडोडेंड्रॉनच्या जाळीत तिपाई खांद्यावर घेऊन फिरलेल्या माणसाबद्दल मला आदरच वाटतो.

२० एप्रिल

लायडार. विमानातून लेसरचे झोत टाकायचे, झाडांवरून परतलेले गाळायचे, उरते ती नुसती जमीन. यूएसजीएसची ही माहितीही मोफत आहे. एक मीटरच्या जाळीवर वायव्येकडून खोटा प्रकाश पाडला आणि डोंगर उघडा पडला.

मी खुर्चीतून उठून उभी राहिले. घळीघळींतून आडव्या रेघा. केसासारख्या बारीक, एकसारख्या चढाच्या, सोंडेला वळसा घालून पुन्हा आत जाणाऱ्या. काही रेघा अचानक संपतात आणि त्यांच्या टोकाला जराशा वरून दुसरी रेघ उलट सुटते : रिव्हर्सिंगची शेपटी, रूळ गेले तरी तशीच. आणि खिडकीतून दिसलेली पट्टीही आहे. ती सोंडेला वळून दोन घळी पार करते आणि तिसरीत संपते.

सगळ्याच रेघा रेल्वेच्या नाहीत, हे लक्षात ठेवायला हवं. घोड्यांनी ओंडके ओढत आणले त्या वाटा उताराला सरळ खाली येतात. नंतरचे ट्रकचे रस्ते रुंद, त्यांची वळणं फार आखूड. रेल्वे ओळखायची ती चढावरून. शे इंजिन कितीही तगडं असलं तरी त्याला अचानक उसळलेला चढ चालत नाही. म्हणून प्रत्येक रेघेचा उभा छेद, म्हणजे चढ-उताराचा आलेख, काढते. गुळगुळीत आला तर रेल्वे.

४ मे

तक्त्यात एक रकाना वाढवला : 'कशावरून'. त्यात चारच उत्तरं. आज रूळ आहेत, जुन्या शीटवर आहे, लायडारवर दिसतं आणि छेद जुळतो, नुसता अंदाज. छापताना पहिल्या तिन्हींना वेगवेगळी रेघ, चौथ्याला तुटक.

सगळं एकाच सुंदर काळ्या रेघेत काढायचा मोह होतो. नकाशा भरलेला दिसतो, लोकांना आवडतो. पण मग पाहिलेलं आणि कल्पलेलं यांतला फरक कायमचा पुसला जातो, आणि पुढचा माणूस माझ्या अंदाजावर आपलं घर बांधतो. तुटक रेघ तुटकच राहील.

२५ मे, कॅस

मोटारने पाच तास. शेवटच्या टप्प्यात मोबाइलचं सिग्नल गेलं ते परत आलं नाही. हा भाग राष्ट्रीय रेडिओ शांतता क्षेत्रात येतो. ग्रीन बँकची रेडिओ दुर्बीण जवळच आहे, म्हणून १९५८ पासून इथे रेडिओ लहरींवर निर्बंध आहेत. जीपीएस चालतं, कारण ते नुसतं ऐकतं. नकाशे आधीच फोनमध्ये भरून ठेवले होते, तरी छापील शीटच जास्त उघडली.

बाल्ड नॉबच्या सज्ज्यावरून ती पांढरी दुर्बीण दिसली. परतताना दोन रिव्हर्सिंगच्या मधल्या तुकड्यात मी डब्याच्या दांडीला धरून उभी होते. ब्रेकमन पुढे उभा होता, हात चक्रावर. बाबांचा प्रश्न त्याला इंग्रजीत विचारला. त्याने मान हलवली आणि नुसतं चाकाकडे बोट दाखवलं.

२६ मे, गॉडिनीअर

उत्तरेला शेव्हर्स माउंटनवर गेले. हा भाग शेजारच्या शीटवर येतो, पण या जागेशिवाय माझा नकाशा अपुरा राहिला असता.

अमेरिकेच्या यादवी युद्धाच्या आधी इथल्या एका मोठ्या जमिनीची मोजणी झाली होती. मोजणाऱ्याने होकायंत्र धरून हद्द आखली, पण चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक, म्हणजे दिक्पात, वजा करायला तो विसरला. एक अंश चुकलं की मैलाला ९२ फूट सरकतं, आणि हद्द तर मैलोन्‌मैल लांब. दुसऱ्या मोजणीदाराच्या ही चूक लक्षात आली. दोन रेघांच्या मधली पाचरीसारखी जमीन कुणाच्याच नावावर नव्हती, आणि व्हर्जिनियाच्या (हा भाग तेव्हा व्हर्जिनियातच होता) तेव्हाच्या कायद्याप्रमाणे ती त्याला मिळाली. भोवतालचा डोंगर कुऱ्हाडीखाली गेला, पण पाचरीतल्या काही भागावर कुऱ्हाड पडली नाही. आज १४० एकरांचं राखीव क्षेत्र आहे, त्यातलं ५० एकरांच्या आसपास मूळ जंगल. १९७४ पासून ते राष्ट्रीय नैसर्गिक वारसा स्थळ आहे.

आत शिरले. पायाखाली शेवाळ इतकं जाड की पावलाचा आवाज होत नाही. रेड स्प्रूसचे बुंधे दोन्ही हातांच्या कवेत न मावणारे. पडलेल्या जुन्या खोडांवर ओळीने कोवळी रोपं उगवलेली, एकेका खोडावर वीस-पंचवीस. चार महिने मी ज्या झाडांच्या वाहतुकीच्या रेघा काढत होते, ती झाडं प्रथमच उभी पाहिली. बराच वेळ एका खोडाला टेकून बसले. जीपीएसची नोंद करायला विसरले, म्हणून परत आत जाऊन घेतली.

पाचरीची हद्द नकाशावर हिरव्या रेघेने काढणार. 'कशावरून' या रकान्यात : नुसता अंदाज. मूळ मोजणीचा कागद मी पाहिलेला नाही.

२२ जून

छपाई. मूळ प्रमाण राखलं, १:६२,५००, म्हणजे एक इंचाला जवळपास एक मैल. एक प्रत भिंतीवर, एक नळीत घालून कर्जतला.

१४ जुलै

नकाशा पोचला. बाबांनी तो जेवणाच्या टेबलावर पसरून चारी कोपऱ्यांवर वाट्या ठेवल्या होत्या. कॅसपासून बाल्ड नॉबपर्यंत रेघेवरून शिवणाचा दोरा फिरवला, मग तो पट्टीवर ताणला.

"साडेदहा इंच," म्हणाले. "तू अकरा मैल म्हणाली होतीस. अर्धा इंच कुठे गेला?"

ही रेघ मी जुन्या शीटवरून गिरवलेली होती. त्या प्रमाणावर बारकी वळणं मावत नाहीत, काढणारा ती सपाट करतो. मी म्हटलं, वळणांत गेला.

"मग प्रत्येक वळण लायडारवरून मोजून पाठव. दोरा ठेवलाय इथेच."

दोन्ही रिव्हर्सिंगपासून सुरुवात करते.